सात मतांचे गाव

एकदा एका डोंगरी गणराज्याचा प्रमुख मरण पावला आणि नव्या निवडीसाठी सभा भरली. प्रत्येक गावाचा प्रतिनिधी एकच. परंतु शेवटच्या शिरगणतीत गावात जितके शंभर जीव, तितके त्याच्या मताचे मूल्य. निवडणुकीचे काम वृद्ध त्र्यंबकाचार्यांकडे होते. मदतीला त्यांचा शिष्य रेवण.

उमेदवार दोन होते : एक वैद्य आणि एक सेनापती. सगळ्यांची मते झाली तेव्हा वैद्य पाच मतांनी पुढे होता. उरला होता फक्त कोळंबखोऱ्याचा पिराजी.

शिरगणतीत कोळंबखोरे सातशे जिवांचे होते. नंतर तिथे पटकी आली. रोग पसरू नये म्हणून सेनापतीने घाट बंद केला. ना औषध गेले, ना धान्य. चाळीस माणसे उरली. घाट अजून बंदच होता; सेनापतीच्या पहाऱ्याने पिराजीला फक्त मतापुरते बाहेर सोडले होते.

रेवण पुढे होऊन कुजबुजला, "आचार्य, चाळीस माणसांना कसलं मूल्य? याचं मत धरूच नका."

आचार्यांनी मोठ्याने पुकारले, "कोळंबखोरे. मूल्य सात."

पिराजी उठला. त्याची बायको आणि दोन्ही लेकी त्या साथीत गेल्या होत्या. त्याने वर पाहिले नाही. "सेनापती," तो म्हणाला. "माझी चाळीस माणसं जगायला हवीत. घाटावर पहारा यांचाच; उघडला तर हेच उघडणार आहेत."

सेनापती दोन मतांनी प्रमुख झाला.

सभा पांगल्यावर रेवणचा संयम सुटला. "ज्याने त्यांना मारलं, तो त्यांच्याच मतांवर गादीवर बसला! तुम्हाला हे थांबवता आलं असतं."

"आलं असतं," आचार्य म्हणाले. "पण मेलेल्यांचं मूल्य मी आज पुसलं असतं, तर उद्या एखाद्या गावाचं मत नको असलेल्याला ते गाव मारणं पुरलं असतं. नवी शिरगणती होईपर्यंत ते सातशे मोजलेच पाहिजेत. मताचं मूल्य मला राखता येतं, रेवणा. मत देणाऱ्याच्या मानेवरचा हात मला काढता येत नाही."

"मग तो कुणी काढायचा?"

"घाट बंद करण्याचा ठराव याच सभेत आला होता. तेव्हा एकानेही तोंड उघडलं असतं, तर आज पिराजी मोकळेपणी बोलला असता. मी इतिवृत्त लिहीत होतो. मीही गप्प राहिलो."

रेवणने मान खाली घातली. त्या दिवशी आचार्यांना दौत धरून तोही शेजारीच बसला होता.