चाफा ‘येतो’ म्हणाला

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. झाड अनंताचं होतं की चाफ्याचं, हे सांगताना दर वेळी मन कचरतं. पण पानं सगळी गळली होती एवढं पक्कं आठवतं, म्हणजे चाफाच असणार.

बर्फाळ डोंगरातलं एक राज्य होतं. तिथल्या म्हाताऱ्या राजाची सून समुद्रकाठची. लग्नात तिने माहेरचा पांढरा चाफा आणला होता. कुंडी एवढी मोठी, की उचलायला चार गडी लागत. थंडीत तो टिकावा म्हणून राजाने खास काचघर बांधलं, आत शेगडी पेटती ठेवली.

हिवाळ्याच्या तोंडाशी सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली.

“मामंजी, चाफा सांभाळा. येते हं!”

“नक्की ना गं?”

“येते म्हटलं की!”

पालखी वळणाआड गेली आणि वाड्यात कुजबुज सुरू झाली. “समुद्राची ऊब सोडून कोण येतंय या बर्फात?” राजपुत्राने ते हसण्यावारी नेलं. राजाला मात्र ते खरं वाटलं.

थंडी वाढली. चाफ्याची पानं पिवळी पडून गळू लागली. राजा वृक्षांवरच्या पोथ्या कोळून प्यायला होता, पण हात पोथीचं ऐकेना. पान गळलं की तो तांब्याभर पाणी घाली, आणि सुनेकडे जासूद धाडी: “कधी येतेस?” चाफा बोडका झाला. बुंधा मऊ लागू लागला.

एका सकाळी राजाने तांब्या कलता केला, तोच चाफा बोलला, “बास हो महाराज! बुडवता की काय?”

राजा दचकला. “अरे, तू तर चाललास!”

“चाललो असं कधी म्हटलं? सूनबाई निघताना काय म्हणाल्या?”

“येते म्हणाली.”

“मीही येतोच म्हणतोय. पानं उतरवून निजलोय इतकंच. निजलेल्याच्या तोंडात कुणी तांब्या ओततं का? आणि ते जासूदही आवरा. तेही पाणीच!”

राजाने तांब्या फळीवर पालथा घातला. जासूद थांबवले. शेगडीची धग तेवढी राखली. रोज तो काचघरात येई, हात पाठीमागे घट्ट धरून उभा राही, आणि परत जाई. इतकं अवघड काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

बर्फ वितळला. एक पानही नसलेल्या फांदीच्या टोकाला कळ्या धरल्या. काचघर घमघमलं त्याच दिवशी वेशीवर पालखी आली.

“मामंजी, आले!” काचघरात शिरत सून हसून म्हणाली. तिच्या कडेवरच्या लेकीने आधी चाफ्याचं फूल ओढलं, मग आजोबांची मिशी. राजा रडला की हसला, कुणालाच कळलं नाही.

बऱ्याच वर्षांनी राजाने सुनेला भीतभीत विचारलं, “खरं सांग, तेव्हा यायचं नक्की होतं?”

“नव्हतं, मामंजी. जासूद आला की माहेरीच राहावंसं वाटे. ते यायचे थांबले, तेव्हा कुठे मला घराची आठवण यायला जागा झाली.”

म्हणून म्हणतात: ‘येतो’ म्हणून गेलेल्यासाठी ऊब राखावी, पाणी ओतत बसू नये.