पलीकडच्या काठावरचे मागणे

एकदा एका शिष्याला आपल्या गुरूचा फार राग आला. येऊन जाणारा राग नव्हे. सकाळी डोळे उघडावेत तर तो आधीच जागा होऊन बसलेला असावा, अशा जातीचा. आणि त्याचे कारण ऐकले तर तुम्हीही त्या शिष्याचीच बाजू घ्याल.

कोकणातल्या एका डोंगराच्या उतारावर त्या वृद्ध गुरूंचा आश्रम होता. आश्रमाच्या पायथ्याशी डोंगरावरून येणारा मोठा ओढा होता. तिकडे त्याला पऱ्ह्या म्हणतात. पऱ्ह्याच्या अलीकडे घाडीवाडी, पलीकडे मुसलमानांचा मोहल्ला. पावसाळा सरला की दोन्ही काठांची माणसे एकत्र येऊन लाकडाचा साकव, म्हणजे तात्पुरता पूल, घालत. त्याचे दोन लांब वासे दरवर्षी आश्रमाच्या रानातून जात. एकदा साकव झाला की भात इकडून तिकडे जाई, सुकी मासळी तिकडून इकडे येई. साकव नसला तर वरच्या खिंडीतून अर्ध्या दिवसाची चढउतार.

वासे टाकण्याआधी प्रत्येक काठावर देवाचे नाव घेण्याची रीत होती. अलीकडे अर्जुन घाडी नारळ ठेवून गाऱ्हाणे घाली. तो एकेक मागणे मोठ्याने मागे आणि जमलेली मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ देत. पलीकडे दाऊद परकार आणि त्याच्या घरची वडीलधारी माणसे हात पसरून दुवा मागत. दोन्ही काठ एकमेकांना दिसत, एकमेकांचा आवाज ऐकत. मात्र मध्ये पऱ्ह्याचा खळाळ असल्यामुळे शब्द तुटकतुटकच कानी पडत. पिढ्यानपिढ्या हे असेच चालले होते.

आदल्या वर्षी साकव घालताना एक वासा मोडला. दाऊदचा धाकटा भाऊ खाली खडकावर पडला आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. मोहल्ल्यात बोलले जाऊ लागले की हे घाडीच्या गाऱ्हाण्याने झाले. वाडीत बोलले जाऊ लागले की त्यांनी आपल्याविरुद्ध काहीतरी मागितले आणि ते त्यांच्यावरच उलटले. पावसाळाभर लोकांना घरात बसून दुसरे कामच नव्हते. त्यांनी हा संशय नीट जोपासला. पाऊस थांबला तेव्हा साकव घालायला एकही माणूस काठावर आला नाही.

यात एक मोठी अडचण होती. त्या पंचक्रोशीत भरवशाची सुईण एकच, रुकय्याबी, आणि ती मोहल्ल्यात राहत होती. अर्जुन घाडीच्या सुनेचे, सुगंधाचे, दिवस भरत आले होते. तिचे पहिले मूल पोटातच गेले होते.

गुरूंनी समेटासाठी आपल्या शिष्याला पाठवले. त्याचे नाव निळकंठ. तरुण, सरळ मनाचा, आणि मूर्खपणा समोर दिसला की अंगाची लाही होणारा. तो खिंडीतून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे इतक्या वेळा गेला की त्याच्या वहाणा तुटल्या. इकडे समजूत घालून तिकडे जावे, तर इकडचे रात्रीतून फिरलेले. तिकडच्यांना पटवून परत यावे, तर तिकडून मागोमाग नवीन अट. अखेर त्याने तोडगा काढला. या वर्षी गाऱ्हाणे नाही आणि दुवाही नाही. कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. मुकाट्याने वासे टाकायचे आणि घरी जायचे. दोन्ही बाजूंनी तोंडे वाकडी केली, पण मान्य केले.

निळकंठ आनंदाने आश्रमात परतला. गुरूंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “असं असेल तर वासे मिळणार नाहीत.”

निळकंठाला वाटले, आपण चुकीचे ऐकले. गुरूंनी पुढे सांगितले की, दोन्ही काठांच्या मंडळींना आश्रमात बोलाव. पलीकडचा माणूस साकवापाशी देवाजवळ काय मागतो, हे अलीकडच्याने सांगायचे आणि अलीकडच्याचे पलीकडच्याने. ज्याचे मागणे आहे त्याने ‘बरोबर’ म्हटले की त्या दिवशी वासे न्या.

आता सांगा, राग येणार नाही? मिटलेले भांडण हा वृद्ध गृहस्थ स्वतःच्या हाताने उकरून काढत होता. निळकंठाने पुष्कळ विनवले, सुगंधाची आठवण दिली. गुरू म्हणाले की अजून अवकाश आहे.

मंडळी आली. दोन्ही बाजूंनी अंगणाच्या दोन कडा धरल्या. गुरूंनी आधी अर्जुन घाडीला विचारले. तो सांगायला उतावीळच होता.

“ते जमीन मागतात,” तो म्हणाला. “आमच्या काठाची. त्यांचा एक जण काही बोलतो, आणि बाकीचे मोठ्याने म्हणतात, जमीन, जमीन. लहानपणापासून या कानांनी ऐकतोय.”

दाऊद परकार त्याच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “आम्ही आमीन म्हणतो. आमीन. म्हणजे तसं होवो.”

निळकंठाला वाटले, सुटलो. पण अर्जुनने मान हलवली. आता विचारल्यावर तू असंच सांगणार, असे तो म्हणाला, आणि त्याच्या मागच्या लोकांनी ते उचलून धरले.

मग दाऊदची पाळी. त्याने सांगितले की गाऱ्हाण्यात एक ओळ येते ती मोहल्ल्यात सगळ्यांना पाठ आहे: जो आमच्या वाटेत आडवा येईल त्याला बाजूला सार. पऱ्ह्याच्या पलीकडे तर आम्हीच राहतो, मग वाटेत दुसरे कोण येणार? अर्जुन संतापून म्हणाला की ती ओळ पुरासाठी आणि तापासाठी आहे. मग त्यांचे नाव का घेत नाही, असे दाऊदने विचारले. अशा गोष्टींचे नाव घेऊ नये म्हणून, असे अर्जुन म्हणाला. त्यावर दाऊदही म्हणाला की, आता विचारल्यावर तू असंच सांगणार.

निळकंठाने कपाळाला हात लावला. खरे काय ते दोघांनीही सांगून टाकले होते, आणि दोघांनीही ते ऐकून घेतले नव्हते.

इतक्यात गुरू त्याच्याकडे वळले. “आणि तू? तू या दोघांच्या इतका जवळून वावरलास. हे काय मागतात?”

निळकंठाचा धीर सुटला होता. “काही नाही मागत. दोघेही भीतीपोटी पुटपुटतात. त्या पुटपुटण्याचा आणि वाशाच्या मजबुतीचा काडीचा संबंध नाही.”

त्या दिवसात पहिल्यांदाच अंगणाच्या दोन्ही कडांचे एकमत झाले. अर्जुनने मान हलवली, दाऊदनेही हलवली. हे बरोबर नाही.

“तुला हे कोणी सांगितलं?” गुरूंनी विचारले.

“माझ्या वडिलांनी. आमच्या घरात देवपूजा नव्हती.”

गुरूंनी हाच प्रश्न अर्जुनला केला. त्याला आजीने सांगितले होते. दाऊदला चुलत्याने. एवढे विचारून गुरू उठले. मंडळी धुमसत घरी गेली, वासे आश्रमातच राहिले, आणि माझा बाप त्या आजीच्या आणि चुलत्याच्या पंगतीत कसा काय बसवला, या विचाराने निळकंठाचा राग दुप्पट झाला.

आणि मग जे होऊ नये तेच झाले. सुगंधाला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. उन्हे माथ्यावर होती. खिंडीतून रुकय्याबीला आणायला अर्धा दिवस जाणार, आणि वाडीतल्या बायका सांगत होत्या की तेवढा वेळ नाही. निळकंठ धावत आश्रमात गेला. गुरू त्याच्या मुद्रेवरूनच समजले. त्यांचा चेहरा उतरला. वासे आत्ता टाकता येणार नव्हते. त्यालाही माणसे आणि वेळ लागतो. त्यांनी कोठीतला जाड दोर काढून दिला आणि म्हणाले, “जा.”

पाणी छातीपर्यंत होते आणि ओढ जबर होती. दोराचे एक टोक झाडाला बांधून निळकंठ पलीकडे गेला. आपल्याला नाही म्हणतील, अशी त्याची जवळजवळ खात्री होती. पण रुकय्याबीने पुरते ऐकूनही घेतले नाही. ती पदर खोचून काठाकडे निघालीच. तिला पोहता येत नव्हते. तिची साठी उलटून गेली होती आणि पाण्याला ती जन्मभर भ्यालेली होती. निळकंठाने तिला खांद्यावर घेतले. दाऊद आणि मोहल्ल्यातले चारपाच जण दोर धरून पाण्यात उतरले. समोरून अर्जुन घाडी आणि त्याचे भाऊबंद उतरले. मध्यावर निळकंठाचा पाय गोट्यावरून घसरला, तसा एका बाजूने दाऊदने आणि दुसऱ्या बाजूने अर्जुनने म्हातारीला आधार दिला. तिघांची डोकी एकमेकांना लागली होती.

रुकय्याबीने डोळे घट्ट मिटले होते आणि ती मोठमोठ्याने मागत होती. दुवेतले ठरलेले शब्द तिला आठवत नव्हते. ती घरात बोलते त्या बोलीतच बोलत होती.

“या अल्ला, माझं काय व्हायचं ते होऊ दे. त्या पोरीपाशी मला पोचव. तिचं पहिलं गेलं, हे तरी हातात दे. घाडीचं घर उजेडात ठेव.”

“आमीन,” दाऊद म्हणाला.

हा शब्द अर्जुनच्या अगदी कानाशी उच्चारला गेला. तो जागच्या जागी थांबला. त्याच्याभोवती पाणी जोराने वाहत होते आणि तो दाऊदच्या तोंडाकडे बघत उभा होता. निळकंठ अखेर त्याच्यावर खेकसला, की काय कळायचं ते काठावर गेल्यावर कळू दे, आधी हात लाव. तेव्हा कुठे अर्जुन हलला.

दिवस कलण्यापूर्वी सुगंधाला मुलगी झाली. दोघीही सुखरूप होत्या.

निळकंठ ओल्या कपड्यांनीच गुरूंपुढे जाऊन उभा राहिला. जे मनात साचले होते ते त्याने बोलून टाकले. “तुमच्या धड्यापायी सुगंधा गेली असती. माझा साकव झाला असता तर रुकय्याबी पायी चालत आली असती.”

“खरं आहे,” गुरू म्हणाले. “अवकाश आहे असं मी समजलो, ती माझी चूक. ती मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस. पण तुझा साकव मी का अडवला, तेही ऐक. तू त्यांना गप्प केलंस. गप्प बसलेल्या माणसाबद्दलचा संशय मरत नाही, निळकंठ, त्याला फक्त ऐकायला काही उरत नाही. उद्या आणखी एखादा वासा मोडला असता, तर त्यांनी म्हटलं असतं की ते मनातल्या मनात मागत होते. अर्जुनला पलीकडची दुवा आजीने शिकवली. दाऊदला अलीकडचं गाऱ्हाणं चुलत्याने शिकवलं. दोघांच्याही मागण्याबद्दल तू तुझ्या वडिलांकडून शिकलास. शिकवणारी तिन्ही माणसं चांगली, आपल्या लेकरांवर माया करणारी, म्हणून तर त्यांचं खोटं ठरवणं जड जातं. शेजाऱ्याची ओळख प्रत्येकाने आपापल्या घरात बसून करून घेतली. त्याच्या दारात जाऊन कोणीच विचारलं नाही.”

निळकंठाचा राग गेला नव्हता. पण तो आता नुसत्या गुरूंवर उरला नव्हता.

अट पुरती पाळली गेली नव्हती, तरी गुरूंनी वासे दुसऱ्याच दिवशी खाली जाऊ दिले. त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. या वेळी दाऊद खिंडीतून अलीकडे आला आणि अर्जुनच्या शेजारी उभा राहून गाऱ्हाणे ऐकू लागला. ती ओळ येताच त्याने अर्जुनला थांबवले. ही बदल, असे तो म्हणाला. बापजाद्यांची ओळ बदलणार नाही, असे अर्जुन म्हणाला. दोघांचा वाद इतका लांबला की वासे धरून उभ्या असलेल्या माणसांचे खांदे भरून आले आणि निळकंठाला पुन्हा कपाळाला हात लावावासा वाटला. शेवटी ओळ तशीच राहिली, पण अर्जुनने तिच्यापुढे पुराचे आणि तापाचे नाव घेतले. घेताना त्याचा आवाज कापला. दाऊदनेच सर्वांच्या आधी ‘व्हय महाराजा’ म्हटले. वाडीतल्या एकदोन म्हाताऱ्या तरीही कुजबुजत होत्या की हे सगळे वरवरचे आहे.

साकव झाल्यावर निळकंठ त्यावरून पहिल्यांदा चालत गेला तो रुकय्याबीच्या दारात. ती नाचणीचे पीठ मळत होती. तिने त्याला बसायला सांगितले आणि काय काम काढलेस म्हणून विचारले. त्याला ते विचारायला जरा अवघड वाटत होते.

“त्या दिवशी पाण्यात तुम्ही भ्यालात ना?”

“फार भ्याले. अजून झोपेत दचकते.”

“म्हणूनच मागत होतात?”

रुकय्याबीने पिठाचे हात थांबवले आणि थोडी चिडूनच त्याच्याकडे पाहिले. “भीती माझी होती, पोरा. मागणं तिच्यासाठी होतं. भीतीपोटी मागायचं असतं, तर आधी स्वतःसाठी काठ नसता मागितला?”

आपल्या घरी शिकलेले काहीतरी या म्हातारीपुढे अपुरे पडते आहे, एवढे निळकंठाला जाणवले. तो भिंतीला टेकून नीट बसला आणि त्याने तिला पुढचा प्रश्न विचारला.