टप टप, कणू

नदीच्या काठी एक बीळ होतं. बिळात राहायची ठिपकी उंदरी आणि तिचा धाकटा भाऊ कणू. आई नव्हती. आईला घुबडाने नेलं होतं. उरली दोघंच.

त्यांच्या घरची एक रीत होती. बाहेर जाणाऱ्याने दारात पाय आपटायचा, टप टप. आतल्याने उलट आपटायचा, टप टप. म्हणजे कळायचं, तू आहेस, मीही आहे.

एका सांजेला ठिपकी दाणा आणायला गेली. मागून आली म्हैस. म्हशीचं अंग जड, म्हणून खूरही जड. खूर पडला बिळावर. धप्प. बीळ बुजलं. कणू आत.

ठिपकी धावत आली. पाय आपटला, टप टप.

मातीतून आलं, टप टप.

तिने उकरून पाहिलं. इवले पाय, इवली नखं. जरा उकरावं, तेवढीच माती परत खाली.

टुणुक टुणुक, ती गेली खवल्यादादाकडे. खवल्या म्हणजे खवले मांजर. त्याची नखं विळ्यासारखी वाकडी.

"खवल्यादादा, माती उकर. माझा कणू मातीत."

"उकरायलाच तर हे पंजे आहेत, बाई. पण पंजात काटा मोडलाय, टेकवत नाही. वानरमामा काटा काढेल, तर मी माती उकरेन."

टुणुक टुणुक, ती गेली वानरमामाकडे. त्याची बोटं लांब, अंगठा वेगळा. फांदी धरावी, उवा वेचाव्या.

"वानरमामा, काटा काढ. खवल्यादादा माती उकरेना. माझा कणू मातीत."

"कामाला बरा आठवतो मामा. कालपासून उपाशी आहे गं, बोटं थरथरतात. एकच उंबर पिकलं होतं, तेही डोहात पडलं. पाणमांजर मावशी उंबर आणेल, तर मी काटा काढेन."

बिळावरून जाताना ठिपकीने पाय आपटला. टप टप.

मातीतून आलं, टप.

एकदाच.

टुणुक टुणुक, ती गेली पाणमांजर मावशीकडे.

"पाणमांजर मावशी, उंबर आण. वानरमामा काटा काढेना. खवल्यादादा माती उकरेना. माझा कणू मातीत."

"माझ्या बोटांत पडदे आहेत, लेकी. पाणी मागे सारायचं, की मी पुढे. पण पिल्लं उघड्यावर टाकून जाऊ कशी? घुबड फिरतंय. वाघूळकाकू पहारा देईल, तर मी उंबर आणेन."

बिळावरून जाताना ठिपकीने पाय आपटला. टप टप.

माती गप्प.

टुणुक टुणुक, ती गेली वाघूळकाकूकडे. काकू बाभळीवर लटकलेली.

"वाघूळकाकू, पहारा दे. पाणमांजर मावशी उंबर आणेना. वानरमामा काटा काढेना. खवल्यादादा माती उकरेना. माझा कणू मातीत."

"कशी देऊ, बाळ? माझे हात तेच माझे पंख. लांब लांब बोटं, त्यांवर कातडं ताणलेलं. ते अडकलंय काट्यात, अगदी शेंड्याला. वानर चढला तर फांदी मोडेल. कुणाचे पाय पोचणार इथे?"

ठिपकीने आपले पाय पाहिले. माती उकरायला अपुरे होते. पण फांदी बारीक, पायही बारीक.

लांबून घुबड बोललं, हूं हूं.

ठिपकी चढली. चिप चिप चिप. फांदी हलली. ठिपकी थांबली. पुन्हा चढली, चिप चिप. इवल्या बोटांनी कातडं काट्यातून सोडवलं. हळू. फाटू दिलं नाही.

वाघूळकाकू उडाली, फडफड. तिने पहारा दिला. पाणमांजर मावशीने बुडी मारली, डुबुक. तिने उंबर आणलं. वानरमामाने उंबर खाल्लं, मचमच. त्याने काटा काढला, चुट्. खवल्यादादाने माती उकरली, खर्र खर्र.

खर्र खर्र.

खर्र खर्र.

निघाला कणू. डोळे मिटलेले. मागचा एक पाय चेपलेला.

वानरमामाने दोन बोटांनी त्याच्या नाकावरची माती पुसली.

ठिपकीने जवळ जाऊन पाय आपटला. टप टप.

कणू गप्प.

तिने पुन्हा आपटला. टप टप.

मग कणूचा चांगला पाय हलला. टप.

थोडं थांबून, टप.

चेपलेला पाय काही बरा झाला नाही. कणू आता टुणुक टुणुक जात नाही. टुणुक, फरफट. टुणुक, फरफट. ठिपकी त्याच्या बरोबरीने जाते. हळू.

गोष्ट गेली बिळात. आता तुम्ही आपटा बघू पाय. टप टप. आणि ऐका, घरातून कोण उलट आपटतंय.