गुरुजींच्या गळ्यातला हिरवा हार

फार फार वर्षांपूर्वी, वाघाला मिशा फुटल्या होत्या पण अक्कल फुटायची होती, तेव्हाची गोष्ट.

नदीकाठच्या बाभळीवर एक म्हातारा सुगरण पक्षी पिलांची शाळा चालवी. सगळे त्याला गुरुजी म्हणत. शिकवायचं एकच, खोपा विणणं. त्यातही अवघड ती पहिली गाठ. ती पक्की बसली की खोपा वादळातही लोंबत राहतो. एखाद्या पिलाची गाठ बसली, की गुरुजी दाणापाणी विसरून दिवसभर शीळ घालत.

पण एक गोम होती. ओलं गवत वळतं, सुकलेलं मोडतं. म्हणून गवत हिरवं तोवरच शाळा.

त्या वर्षी पिलं चोचीत काड्या धरून बसली, तोच वाघराजाचा कोल्हा आला.

"गुरुजी, हरणं मोजायचीत."

"आणि शाळा?"

"शाळा काय पळून जाते? हरणं पळतात."

गुरुजींनी हरणं मोजली. मग अस्वलाच्या लेकीच्या लग्नात पंगती वाढल्या. मग माकडांची भांडणं मिटवली. 'नाही' म्हणायला चोच उघडत, बाहेर पडे 'होय महाराज'. शिकलेल्यांची ही खोडच असते. तुम्ही कशाला मान हलवताय?

"गुरुजी, गाठ आज?" पिलं विचारत.

"उद्या रे बाळांनो."

रान पिवळं पडलं. ओढ्याकाठी तेवढा एक हिरवा पट्टा उरला, तेव्हा गुरुजी थेट वाघापुढे गेले.

"महाराज, आता आठ दिवस मला कुठं धाडू नका."

"का हो? कामात समाधान नाही वाटतं?"

"काम करायला मिळू द्या महाराज, समाधानाचं मग बघू."

वाघाला भारी वाईट वाटलं. त्यानं हुकूम सोडला, "गुरुजींचा सत्कार करा."

दुसऱ्या दिवशी ढोल वाजले, भाषणं झाली. हत्तीनं गुरुजींच्या गळ्यात एवढा मोठा हार घातला, की हार दिसे, गुरुजी दिसेनात.

"आता तरी समाधान?" कोल्हा हसत म्हणाला.

गुरुजींनी हारातली एक काडी ओढून पाहिली. हिरवी होती, ओली होती. त्यांनी ओढ्याकडे पाहिलं. तिथं नुसती माती होती.

पुढच्या वर्षी ती पिलं मोठी झाली. त्यांनी जमतील तसे खोपे टांगले. एका वावटळीत सगळे खोपे अंड्यांसकट नदीत गेले.

"गुरुजींनी नीट शिकवलं नाही वाटतं," वाघ म्हणाला.

गुरुजी वरच्या फांदीवर बसून ऐकत होते. त्यांची शीळ त्या रानात पुन्हा कुणी ऐकली नाही.

तात्पर्य: गुरुजींना हार घालण्याआधी त्यांना त्यांचं काम करू द्यावं.