झऱ्यांचा दम

सौरपंप गावात नवे होते, त्या काळची ही गोष्ट. एका विहिरीत म्हातारे कासव राहायचे. पूर्वी मध्येच वीज जाऊन पंप थांबायचा, तेवढ्यात झरे विहीर भरून काढायचे. सौरपंप मात्र दिवस मावळेपर्यंत पाणी उपसायचा.

“बाळा, दुपारी जरा थांबत जा. झऱ्यांना दम घेऊ दे,” कासव म्हणाले.

“ऊन फुकट आहे, आजोबा! तुमच्यासारखं रांगत बसू का?” पंप हसला.

“ऊन धो धो पडतं रे. पाणी थेंबथेंब झिरपतं.”

पंपाने ऐकले नाही. उन्हाळा तर दरवर्षी वाढतच होता. त्या चैत्रात विहीर आटली. कासव एकेका झऱ्यापाशी जाऊन आले. सगळे कोरडे होते. शेवटी त्याने ओल शोधत गाळात तोंड खुपसले.

“आजोबा, घसा कोरडा पडलाय. थोडं पाणी द्या ना!” पंप घरघरत म्हणाला.

खालून उत्तर आले नाही.