खाली न पाहता

बातमी आली तेव्हा मी अंगणात पापड वाळत घालत होते. आमचे हे कुंभारगल्लीतल्या उघड्या गटारात पडून गेले. पुढचे दिवस पाण्याखालून पाहिल्यासारखे गेले. तशातच मी त्या गटाराचा फोटो फेसबुकवर टाकला.

पालखीच्या दिवशी नगराध्यक्ष भाऊसाहेब दाभाडकर देवळासमोर सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, फोटो खोटा आहे. गटारावर झाकण आहे. आत्ताच्या आत्ता काढून टाका, नाहीतर गावाची बदनामी म्हणून पोलिसांत देतो."

आमच्याकडे पालखीचा पुढचा दांडा मानाने नगराध्यक्षांच्या खांद्यावर असतो. खांदा देणाऱ्याने चालताना खाली पाहायचं नाही, ही रीत.

मी म्हणाले, "काढते की, भाऊसाहेब. फक्त आज पालखी कुंभारगल्लीतून न्या. तुम्ही पुढे, नजर वर. पलीकडे पोचलात की लगेच काढते."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. गुलाल हवेत तसाच तरंगत राहिला. भाऊसाहेबांनी कपाळ पुसलं आणि मुकादमाला ओरडले, "अरे, बघतोस काय? आधी तिथे झाकण टाक!"

झाकण बसलं, मगच पालखी निघाली. फोटो काढून टाका, असं पुन्हा कुणी म्हटलं नाही.

ह्यांची एक चप्पल त्या झाकणाखालीच आहे. ती काढायची राहून गेली.