घाऱ्या डोळ्यांचा युवराज

उष्टावणाचं चित्र काढायला बाळ बैठकीवर आणलं, तेव्हा दासीने त्याचं टोपरं पार भुवयांखाली ओढलं होतं. केवडाला तेवढंच खटकलं. ही चिताऱ्याची पोर, पाल चुकचुकली तरी दचकणारी; पण चित्र म्हटलं की हात थांबत नसे. तिने टोपरं वर केलं.

डोळे घारे! मधासारखे!

"बघितलंस ना?" मानाजीराजे मागून गरजले. केवडाच्या हातातली रंगाची शिंपली उडालीच. "माझे डोळे काळे, राणीचे काळे, आणि हा? भिकाजी, चित्र काढ. डोळे खोटे रंगवलेस तर हात तोडीन. आणि खरे रंगवून ते आमच्या घराण्यातले दिसले नाहीत, तर सांजच्याला राणीची पालखी माहेरी!"

केवडाचा बाप भिकाजी चितारी तिच्या कानाशी वाकला. "पोरी, हे कसं व्हायचं गं?"

केवडा दिवाणखान्यातल्या पूर्वजांच्या चित्रांकडे बघत राहिली. दर दसऱ्याला त्या सगळ्यांच्या डोळ्यांत डिंकात कालवलेली काजळी भरायची, ही राजवाड्याची रीत. का, ते कुणी विचारत नसे. पण पणजोबामहाराजांच्या डोळ्यांना मात्र काजळीचे दोन हात द्यावे लागत!

तिने फडकं ओलं केलं आणि पणजोबांच्या डोळ्यांवर टेकवलं.

"अगं, काय करतेस!" राजे ओरडले.

"द-दसऱ्याचं काम उलटं करतेय, महाराज."

काजळी पुसली गेली. राळेच्या मुलाम्याखालून पणजोबा बघू लागले, घाऱ्या डोळ्यांनी! दिवाणखान्यात कुणीतरी खोकलं.

"मग माझे काळे कसे?" राजे हट्टाने म्हणाले.

"फिक्या रंगावर काळा चढवला, तर फिका कुठे जातो?"

"झाकला जातो."

"पण नाहीसा होत नाही ना? आजोबांत झाकलेला, तुमच्या वडिलांत, आबासाहेबांत झाकलेला, तुमच्यातही झाकलेलाच."

"मग बाळातही झाकला असता!"

"असता, काळा मिळाला असता तर! महाराज, लेकराला थोडं बापाकडून येतं, थोडं आईकडून. तुम्ही आपला झाकलेला फिका दिलात. राणीसाहेबांनीही त्यांच्या घरचा झाकलेला फिकाच दिला. फिक्यावर फिका! वर काळं आणायचं कुठून?"

राजे चित्राकडे बघत राहिले, मग बाळाकडे. बाळाने त्यांच्या मिशीचं टोक धरून असं ओढलं की राजे कळवळले आणि एकदम खदखदून हसले. "पणजोबाच आहे हा लेकाचा! भिकाजी, काढ चित्र, डोळे घारेच काढ! पोरी, आजपासून या दालनाची चितारीण तू, आणि नदीकाठची बाग तुझी. पण राणीच्या माहेरीही घारे डोळे होते, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. त्यांनाच विचारू या की!"

राणीवशाचं दार आतून बंद होतं. राजे चार पावलं मागेच घुटमळले. केवडाने कडी वाजवली. "राणीसाहेब!" काही नाही. "राणीसाहेब, पालखी रद्द झाली!" तरी काही नाही. तिने सगळा धीर गोळा केला. "राणीसाहेब, तुमच्या माहेरी कुणी घारं होतं का हो?"

आतून बांगड्या किणकिणल्या.

"माझी पणजी होती! महिनाभर सगळे माझ्याकडे डोळे वटारून बघतायत, पण एवढं विचारायला चिताऱ्याची पोर यावी लागली!"